शिळ्या दह्याची कढी

माझ्या धाकट्या जावेला अर्धशिशी होती. सौंसरला आमची चूल एकच. संत्र्याचा तोडा सुरू झाला की मजुरांचाही स्वयंपाक आम्हा दोघींवर यायचा आणि नेमकी तेव्हाच ती डोक्याला फडकं बांधून पडायची. कामाचा कंटाळा, दुसरं काही नाही, असं मला वाटायचं.

पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. दीर तिला नागपूरला डॉक्टरांकडे घेऊन गेले, सोबत मीही गेले. डॉक्टर म्हणाले, "दही जुनं झालं की त्यातली प्रथिनं फुटतात. त्यांच्या अमिनो आम्लांपासून बनणाऱ्या एका पदार्थानं काहींच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या आवळतात, मग फुगतात. सगळ्यांना होत नाही. पण शिळं दही बंद करून पाहा."

दह्यानं कुठं डोकं दुखतं? बसमध्ये मला हसूच येत होतं.

पंधरा दिवस ती ठणठणीत होती. त्याचाही मला रागच आला. एका दुपारी मी चार दिवसांच्या आंबट दह्याची कढी केली.

"ताई, दही ताजं हाय ना?"

"कालच विरजलं," मी म्हणाले. ती दोन वाट्या प्यायली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं डोकं उठलं आणि ती ओकून ओकून पार गळून गेली. तिची चार वर्षांची पोर दाराशी ताट वाजवत होती. जाऊ भिंत धरत उठली आणि तिनं पोरीच्या थोबाडीत मारली. त्या लेकरावर आजवर तिनं कधी हात उचलला नव्हता. मी पोरीला कडेवर घेतलं आणि उरलेली कढी मोरीत ओतली.

संध्याकाळी जाऊच मला म्हणाली, "दही तं तुम्ही ताजंच घातलं. संत्रं खाल्लं म्या, त्यानंच झालं असन." तेव्हापासून घरची बाग असून तिनं संत्र्याला हात लावला नाही.

पुढे दिरांना पांढुर्ण्याला नोकरी लागली. तिकडे भेटायला गेले, तेव्हा मी जावेला सगळं सांगितलं. दह्यानंच झालं की नाही, हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगणार नाहीत. पण मी ते घातलं होतं तिचं डोकं उठतं का बघायलाच.

तिनं अंगणात खेळणाऱ्या पोरीकडे पाहिलं.

"म्या मारलं ना तिले त्या दिवशी," ती म्हणाली. "तिले अजून याद हाय."