माझ्या हाताच्या मापाचे हातमोजे

गरिबाच्या हातचं आहे म्हणून तुम्ही कधी एखादी वस्तू विकत घेतली, आणि घरी नेऊन न वापरताच ठेवून दिली आहे का? मग तुम्ही त्या हातांचं भलं केलंत की त्यांना फसवलंत?

हा प्रश्न मला थेरगावातल्या एका शेडमालकानं विचारायला शिकवला. त्या माणसाचा तेव्हा मला मनापासून राग होता.

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील पिंपरीच्या एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर कामाला. युनियननं गेटवर वाटलेली पत्रकं ते डब्याच्या पिशवीतून घरी आणायचे आणि मी त्यांवरच वाचायला शिकले. कॉलेजात जाईपर्यंत माझ्या लेखी जगात दोनच जाती होत्या : नफा कमावणारे आणि राबणारे.

वस्तीतल्या बारा बायकांनी मंडळ काढलं, तेव्हा मी त्याची चिटणीस झाले. माझ्या आईसकट या सगळ्या बायका बांधकामावर घमेली वाहायच्या. मंडळानं समाजमंदिरात शिलाईची मशिनं मांडली. खूप खेटे घातल्यावर एका कारखान्यानं आपल्या कामगारांसाठी जाड कापडाच्या हातमोज्यांची ऑर्डर दिली. बसून करायचं, सावलीतलं काम आईला आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं होतं.

तो माल परत आला. टेम्पोवाल्यानं पोती उतरवली. सोबतच्या चिठ्ठीवर एकच शब्द होता : रिजेक्ट. दुसऱ्या खेपेचा माल पास झाला नाही तर ऑर्डर बंद, असा निरोपही त्यानं सांगितला. म्हणजे आई पुन्हा घमेल्याखाली. मी त्याच दिवशी पत्रक लिहिलं, ‘भांडवलदारांनी कष्टकरी बायकांचा गळा घोटला!’ लगेच छापूनही आणलं. एकाच बाजूला, कारण ऐपत तेवढीच होती.

सुरुवातीला सांगितला त्या शेडमालकाची, लोखंड कातायच्या लेथ मशिनची शेड समाजमंदिराला लागूनच होती. हाताखाली अकरा कामगार. त्यांना तो रविवारीही बोलावतो म्हणून महिन्यापूर्वी मी त्याच्या भिंतीवर पत्रक चिकटवलं होतं. पोती बघून तो आमच्या दारात आला.

“ताई, तुमचं पत्रक वाचलं बरं का. खळ फार चांगली लावता राव. भिंतीचा रंग निघाला, पत्रक काही निघंना.”

बायका हसल्या. मी हसले नाही. त्यानं पोत्यातला एक हातमोजा काढून घालायला घेतला. तो बोटांच्या पेरांपाशीच अडकला.

“हे माप कुणाचं?”

“माझं.” कापडावर हात मीच ठेवला होता. लिहिता-वाचता येणारी मी, म्हणून मापही माझंच. यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं.

“तिचा हात पेनचा हाय,” आई म्हणाली. आमच्या घरात वडिलांचा हात होता. प्रेसवर राबून फावड्यासारखा झालेला. तो मला दिसला नव्हता.

“माझा पण माल परत येतो,” तो म्हणाला. “मी पत्रक काढत नाही. कुठं चुकलं ते बघतो.”

“तुम्ही नफ्यासाठी करता.”

“मग तुमचं काय तोट्यासाठी चाललंय? अन् हा हातमोजा घालून कुणाचा हात कापला, तर जखमेला तुमचं पत्रक बांधायचं का?”

नव्या पत्रकांचा गठ्ठा मी वाटायचा सोडून पिशवीत भरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला, शिफ्ट सुटायच्या वेळी, आम्ही ऑर्डर देणाऱ्या कारखान्याच्या गेटवर उभ्या राहिलो. माप घ्यायला कागद हवा होता. माझ्या पत्रकांची मागची बाजू कोरीच होती. कामगार एकेक करून हात ठेवत होते, आम्ही पेन्सिल फिरवत होतो.

“काय वहिनी, अंगठ्या करताय का आमाला?”

“भविष्य बी सांगा की. बढती हाय का?”

“बढतीचं साहेबाला इचार,” आई म्हणाली. “तू आदी बोटं फाक.”

थट्टा करता करताच एकानं सांगितलं, हातमोजा पहिल्यांदा अंगठ्याच्या बुडाशी उसवतो, तिथं दुहेरी कापड लावा. हे आम्हाला कुठल्या पत्रकातून कळलं असतं?

शेडमालकही आता आमच्या चुका दाखवू लागला, पण तो काही फुकट शिकवायला बसला नव्हता. त्यानं आमच्याकडून स्वतःच्या कामगारांसाठी ॲप्रन शिवून घेतले आणि ते दोनदा परत केले. आमच्यात एक अधू नजरेची मावशी होती. तिला शिवता येत नसे. ती फक्त हातमोज्यांची शिवलेली बोटं काठीनं उलटून सुलटी करायची. तिच्याकडे बघून तो म्हणाला, “हिला मी कामावर ठेवली नसती. खोटं कशाला बोलू?”

“म्हणूनच मंडळ काढलं,” मी म्हणाले.

दोन दिवसांनी मावशीनं एक हातमोजा बाजूला टाकला. “हितं टाका सुटलाय.” डोळ्यांना दिसत नव्हता, तिच्या बोटांना लागला होता. मग प्रत्येक जोड तिच्या हाताखालून जाऊ लागला. मालकानं परीक्षा म्हणून चांगल्या ढिगात एक उसवलेला हातमोजा दडवला. तोही तिनं काढला.

“मावशी, येता का माझ्या शेडमधी?”

“न्हाई बाबा. तू रविवारी बी बोलावशील.”

या वेळी मी सगळ्यांच्या आधी हसले.

दुसऱ्या खेपेतले थोडे जोड परत आले, बाकीचे पास झाले. आईनं ते ऐकलं, मशिनवरून मान न उचलता “बरं” म्हणाली आणि पुढचं कापड ओढलं. त्या शेडमालकाला बाजारात टिकेल अशी वस्तू करता येत होती. आम्हाला कुणालाही वगळायचं नव्हतं. देशाला या दोन्ही गोष्टी लागतात, हे मी आज ठासून लिहिते. त्याच्या रविवारबद्दल मात्र मी अजूनही भांडते, आणि हल्ली तो महिन्यातले दोन रविवार शेड बंद ठेवतो.

आता कुरुळी गावच्या बायकांनीही आमच्यासारखंच मंडळ काढून कामगारांचे ॲप्रन शिवायला घेतले आहेत. दयेपोटी ते घेऊ नका. घ्या, आठ तास कामावर घाला, आणि कुठं काचलं ते आठवड्याच्या आत जाऊन त्यांना तोंडावर सांगा.