कढईच्या काठावरची पळी

अकोल्याच्या जठारपेठेत चिंतामणरावांना सगळे 'तारेमास्तर' म्हणत. शाळेत विज्ञान शिकवता शिकवता हा माणूस आभाळात जाऊन बसायचा. मनातल्या गोष्टींबाबत मात्र घरात तोंडाला कुलूप. पोर तान्ही असतानाच बायको, रमा, गेली. तेराव्याला दान द्यायचं म्हणून या गृहस्थाने तिचं अंथरूण, लुगडी, होता तो एकुलता फोटो, रोजची कढईसुद्धा देऊन टाकली. "अहो, एवढं नसतं द्यायचं," म्हणून खुद्द भटजी ओशाळले. पण यांना घरात तिची खूणच नको होती. एवढा हुशार माणूस, आणि दुःखापुढे असा वेडा!

खुणा गेल्या, आवाज गेला नाही. पिठलं झालं की रमा कढईच्या काठावर पळी दोनदा ठोकायची, जरा थांबून आणखी एकदा. ती तिची 'जेवायला या' अशी हाक. आता चिंतामणराव स्वतः रांधत, कढईही नवी. तरी तो आवाज यायचाच. दचकून मागे बघावं तर कोणी नाही. वर्षानुवर्षं ते त्या आवाजाला भीत आले, पण कोणापाशी बोलले नाहीत.

त्रेसष्टच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी ते लेकीला, कुंदाला, ओसरीवर सांगत होते, "मोठा तारा मरताना पोटात शिजलेलं लोखंड उधळून देते. ते मिसळलेल्या वायूतून पुढचे तारे होतात. मोठ्या दीर्घिकेत, म्हणजे ताऱ्यांच्या मोठ्या गोतावळ्यात, ते सांभाळलं जाते. लहान्या दीर्घिकेची ओढ कमी. माझा आपला अंदाज, तिथलं बरंचसं बाहेर उडून जात असंल."

"सगळंच जाते?"

"नाही. थोडं राहते. म्हणून नव्या ताऱ्यात मागच्यापेक्षा जरासं जास्त लोखंड. पण लई सावकाश."

 कुंदा म्हणाली, "बाबा, आपलं घर तर लहानच. आईचं काय राह्यलं?"

"काहीच नाही," ते म्हणाले. आपण पोरीला लुबाडलं, हे त्यांना तेव्हा कळलं.

कुंदा चुलीवरचं पिठलं बघायला आत गेली. थोड्या वेळाने आवाज आला. दोनदा. थांबून आणखी एकदा.

चिंतामणरावांच्या अंगावर काटा आला. ते धडपडत स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. पळी कुंदाच्या हातात होती.

"हे कोणी शिकवलं तुले?"

"तुमीच तर रोज ठोकता. मले वाटे, तुमी कोणाले तरी बोलावता."

ते चुलीपाशी बसले. "तुह्या आईची रीत आहे ती," त्यांनी सांगितलं. "पुन्हा ठोक, बेटा."