झाकलेली टोपली

दर रविवारी सकाळी मुलींना घेऊन मुरबाडला माहेरी जाताना आम्ही शहाडजवळच्या आठवडी बाजारात थांबतो. तिथल्या काकडीवाल्या मावशींचं नाव मी कधी विचारलं नाही. त्या अर्धं वाक्य बोलतात आणि उरलेलं हसतात. एकदा माझ्या धाकटीकडे बघून म्हणाल्या, "हिच्या हातची भवानी बरी गो..." तेव्हापासून दिवसाची पहिली विक्री तिच्याच हातची, टोपलीतली पहिली काकडी तीच उचलते.

परवा घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि पोचेपर्यंत दुपार झाली. उन्हाने सगळा बाजार पेंगुळलेला, आजूबाजूच्या टोपल्या रिकाम्या. मावशींची मात्र ओल्या फडक्याखाली तशीच झाकलेली.

"अहो, काहीच विकलं नाही?"

"ही यायची होती ना गो..." आणि हसल्या.

धाकटीने हळूच फडकं उचललं.

नंतर गाडीत ती मागच्या काचेतून बाजाराकडे बघत होती. मग म्हणाली, "आई, आपण आलोच नसतो तर?"