नालबंदाच्या फटफटीचा रुंद टायर

मी तीन वर्षांचा असताना माझा डावा पाय एका तापात वाळला. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी मध्येच थांबून "अरेरे" म्हणायला नको. अरेरे म्हणणाऱ्यांनी मला जेवढं छळलंय तेवढं त्या पायानंही छळलेलं नाही.

आमचं घर अणदूरच्या नालबंदांचं. अब्बांच्या काळात जहागीरदारांची घोडी असत, त्यांना नाल ठोकून आमची चूल पेटायची. निजामाचं राज्य गेलं, पाठोपाठ जहागिऱ्या गेल्या, घोडी विकली गेली आणि आमच्या वाट्याला उरले बैल. घोडं उभ्या उभ्या पाय देतं, बैल देत नाही. त्याला दोर घालून पाडायचं, चारी पाय एकत्र बांधायचे आणि मग खुरांना पत्र्या ठोकायच्या. बैल पाडायला ताकद लागते असं लोकांना वाटतं. तसं काही नाही. दोर कुठून घ्यायचा आणि कधी ओढायचा एवढंच कळावं लागतं, आणि त्यात माझा हात धरणारा आसपासच्या गावांत कुणी नव्हता.

अडचण होती ती बैलापर्यंत पोचायची. नालबंदाचं पोट आठवडी बाजारावर, आणि बाजार रोज वेगळ्या गावी. थोरला भाई मला सायकलच्या दांडीवर बसवून न्यायचा, बाजारात उचलून पोत्यावर ठेवायचा, संध्याकाळी परत उचलून आणायचा. पंचविशी उलटली, मिशा आल्या, तरी मी आपला दांडीवरच.

मग ती फटफटी मिळाली. एका मोडलेल्या जहागिरीच्या तबेल्यात ती वर्षानुवर्षं पडून होती, तिच्या टाकीवर कोंबड्या बसत. महायुद्धानंतर लष्करानं लिलावात काढलेली, लांबलचक, बुटकी, जड. बसायची जागा आरामखुर्चीसारखी रुंद, पाय ठेवायला दोन्ही बाजूंना फळ्या, आणि गिअर टाकीजवळ, हातानं टाकायचा. क्लच डाव्या पायाचा होता, पण हातानं गुडघा रेटून एकदा दाबला की दाबलेलाच राहायचा. माझ्या वाळलेल्या पायाला नेमकं एवढंच जमतं, ठेवला तिथं राहायचं. म्हणजे त्या लष्करानं ती माझ्यासाठीच बनवून घेतली होती, फक्त त्यांना माहीत नव्हतं. माझ्या तीन शेळ्या विकून मी ती भंगाराच्या भावानं घेतली. चालू करायला सहा महिने लागले.

डांबरी सडकेवर मी राजा होतो. पण बाजाराची गावं सडकेवर नसतात. आमची काळी जमीन पाणी प्यायली की लोण्यासारखी होते आणि मागचा टायर होता अरुंद, घासून गुळगुळीत झालेला. तो चिखलात सुरीसारखा रुतायचा, मग मागचं चाक घसरायचं, फटफटी डावीकडं कलायची, आणि डावीकडं टेकवायला माझ्याजवळ काय होतं? एका भाद्रपदात मी तीनदा पडलो, तिन्ही वेळा एकाच ओढ्यापाशी. फटफटी उचलायला चार माणसं यायची आणि मला उचलायला पाचवा. तिसऱ्या वेळी त्यांनी मला बैलगाडीत कडब्यावर आडवं घालून घरी आणलं. सगळं गाव बघत होतं. त्या दिवशी मला मरणाची लाज वाटली आणि लाजेपेक्षा जास्त राग आला.

भाईनं त्या संध्याकाळी निकाल दिला. घरात आमची बोली दखनी, पण इथं मी सगळ्यांना गावच्या मराठीतच बोलायला लावतो.

"आणखी एकदा का तुला लोकांनी उचलून आणलं," भाई म्हणाला, "तर ती फटफटी भंगारात आन तू दुकानात. विडीकाडीचं दुकान टाकून देतो. बसून खायचं. लई झालं."

"आन न्हाय आणलं तर?"

"तर मग तुझं तू बघ. मी इचारणार न्हाय."

मी कबूल केलं. बसून खाणं या शब्दांनी माझ्या अंगाचा तिळपापड होतो, अजूनही होतो.

सोलापूरच्या जुन्या बाजारात मला हवा तसा टायर सापडला. रिमचा घेर तोच, पण जुन्यापेक्षा दीड बोट रुंद, आणि अंगावर अशा जाड गाठी की हात फिरवला की बरं वाटावं. रुंद पाय कमी रुततो हे बैलवाल्याला कुणी शिकवावं लागत नाही. म्हैस जिथून जाते तिथं शेळी अडकते.

आमच्या शेजारच्या सायकल दुकानदारानं टायर बघितला आणि मान हलवली. "चेनला घासंल. तुझ्या बापानं बैलाला नाल ठोकले, तू फटफटीला नगं ठोकू."

मी त्याच्याकडं गेलोच नाही मग. घरीच अंगणात काम काढलं, आणि तिथं जी चूक केली ती नालबंदाशिवाय जगात कुणी केली नसती. मी फटफटी पाडली. खूर बदलायचा तर जनावर आधी आडवं घालायचं, हे रक्तातच होतं. भुसकटाची पोती अंथरली, दोर घातला आणि बेतानं, अगदी बैलाला पाडावं तसं, तिला कुशीवर निजवलं. पेट्रोल धो धो वाहिलं. बॅटरीतलं तेजाब पोत्यावर सांडून पोतं जळालं. भिंतीपलीकडून सायकल दुकानदार बघत होता, तो खाली बसून हसायला लागला. "आता पाय बांध तिचे, न्हाय तर लाथ मारंल!"

हसू दे. मी मागचं चाक काढलं, लोखंडी पट्ट्यांनी जुना टायर उतरवला, नवा चढवला, चाक जागेवर बसवलं. चेन आणि टायर यांच्यामध्ये नालाची पत्री घालून बघितली. आरामात जात होती. मी भिंतीकडं बघून मिशीवरून हात फिरवला. फटफटी उभी केली, ट्यूबमध्ये हवा भरली, आणि टायर फुगून चेनला टेकला. रिकाम्या टायरचं माप घेतलं होतं मी! खूर जमिनीवर टेकून भार घेतला की पसरतो, हे अब्बांनी मला सातव्या वर्षी शिकवलं होतं. म्हणून तर निजलेल्या बैलाला पत्री ठोकताना आम्ही कडेला जागा ठेवतो. बैलाला ठेवलेली अक्कल मी फटफटीला ठेवली नाही.

भाई ओट्यावरून म्हणाला, "तास की मग थोडा. सुरी हाय की तुझ्याकडं."

वाईट तर याचंच वाटतं की मी सुरी घेतली. खूर तासायची सुरी घेऊन चेनच्या बाजूच्या दोन गाठी मी तासूनही टाकल्या. तिसरीला सुरी लावली आणि हात थांबला. अब्बा एक गोष्ट रागावून सांगत, तेवढीच एक रागावून सांगत. नाल जनावरासाठी असतो, जनावर नालासाठी नसतं. नाल लहान झाला म्हणून जो खूर तासतो तो नालबंद नव्हे, खाटीक. मला त्या क्षणी भयंकर संताप आला, टायरपेक्षा स्वतःचा जास्त. मला लहानपणापासून सगळे तासतच आले होते. बाजार तुला झेपत नाही तर दुकानात बस, चालता येत नाही तर दांडीवर बस. कुणीही दुकान, दांडी, वाट यांतलं काही माझ्या मापाचं करायला निघालं नव्हतं. मी सुरी फेकून दिली.

"टायर न्हाय तासणार," मी म्हणालो. "फटफटी बदलंल."

चार दिवस लागले. चाकाच्या एका बाजूचे स्पोक पाव पाव फेरा सैल करायचे, दुसऱ्या बाजूचे तेवढेच आवळायचे, म्हणजे रिम हळूहळू चेनपासून लांब सरकते. घाई केली की चाक डुगडुगतं. दोनदा डुगडुगलं, दोनदा पहिल्यापासून सुरुवात केली. रिम सरकली तर टायर पलीकडच्या अंगाला मडगार्डच्या सळईला घासायला लागला. ती सळई आमच्या भट्टीत लाल करून बाहेर वाकवली. मडगार्डमध्ये चिखल गच्च बसणार हे दिसत होतं, म्हणून मडगार्डच उतरवून टाकलं. शेवटी हवा भरून, वर दोन ज्वारीची पोती ठेवून, चाक फिरवलं. चेन आणि टायर यांच्यामधून माझी करंगळी गेली. सायकल दुकानदार भिंतीवरून मान लांब करून बघत होता.

पुढच्या बाजाराला पहाटे पाऊस होऊन गेला होता. भाई कधीच उठून कुठं तरी गेला होता. मी हत्यारांची पिशवी बांधली आणि निघालो. सडक सोडून गाडीवाटेला लागलो तसा चिखल सुरू झाला. ओढ्याच्या उतारावर आलो आणि पलीकडच्या काठावर भाई दिसला. विजार गुडघ्यापर्यंत वर सारलेली, चपला हातात. दोन कोस पायी येऊन तो तिथं मी पडायची वाट बघत उभा होता.

माझ्या डोक्यात तिडीक उठली. थांबलो तर रुतणार होतो, म्हणून थांबलो नाही. पहिल्या गिअरमध्येच चिखलात घातली. मागचं चाक एकदा सरकलं, फटफटी डावीकडं झुकली, आणि मग त्या गाठींनी जमीन धरली. रुंद टायर चिखलावर बसला, आत गेला नाही. रडत, घुरघुरत, हाताएवढे गोळे मागं उडवत ती फटफटी मला घेऊन पलीकडच्या काठावर चढली.

कडक जमिनीवर आल्यावर मी थांबलो. भाईच्या अंगावर, दाढीवर, सगळीकडं चिखल उडाला होता. तो हसत नव्हता, रागावलाही नव्हता. मला उचलायला इतक्या लांब आलेल्या माणसाला आता काम उरलं नव्हतं, तसा तो उभा होता. त्याची माया खरी होती. माझं भांडण त्या मायेशीच होतं, हे मला तिथं पहिल्यांदा नीट कळलं.

"बसा मागं, भाई," मी म्हणालो. "बाजार अजून कोसभर हाय. सोडतो तुम्हाला."

भाई दोन पावलं मागं सरला. त्याच्या तोंडावर लगेच राग आला. "मला कशाला नेतूस? मला पाय हाईत की. येतो माझा मी चालत."

"व्हय," मी म्हणालो, "इतकी वर्षं मी तुम्हाला दुसरं काय सांगत हुतो?"