वारा सरतो का?

दिनकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी अवसरी बुद्रुकला बहिणीकडे जेवायला बसलो होतो. हात ताटातच राहिला. महिना झाला, तरी ओतूरच्या बाजारात पाय आपोआप त्याच्या औषधाच्या दुकानाकडे वळतात...

शाळेपासूनचा मित्र, पण माणूस महा चौकस! पोट साफ होत नाही म्हणून गोळी मागा, हा आधी उलटतपासणी घेणार. किती दिवस झाले? दुखतं का? उलटी? आणि चार गिऱ्हाइकांसमोर, खणखणीत आवाजात, "वारा सरतो का?" बाया तोंडाला पदर लावायच्या. "अरे, जरा लाज बाळग," मी म्हणायचो. "लाजून पोट साफ व्हतं का, राव?" हे त्याचं उत्तर.

तीन वर्षांपूर्वी आईला चार दिवस संडास झाली नव्हती. पोट टम्म फुगलेलं, सकाळपासून दोनदा उलटी. मी जोराच्या जुलाबाची गोळी आणायला धावलो, तर काउंटरला नेमके माझ्या मुलीला बघून गेलेले पाहुणे उभे! दिनकरने सगळं विचारलंच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ठोकून दिलं, "वारा सरतो, उलटी नाही, सगळं ठीक आहे." त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं, गोळ्या परत खोक्यात टाकल्या आणि स्कूटर काढली. असा राग आला मला त्याचा!

घरी त्याने आईलाच विचारलं. "कालपास्नं वारा बी न्हाई सरला, दिनू. अन् दोनदा वकले."

दिनकर माझ्यावर उखडला. "आतडं अडकलं आसंल तर जुलाब जिवावर बेततो! गाडी काढ."

अडकलंच होतं. संध्याकाळी ऑपरेशन झालं, आई वाचली. माझ्या लाजेपायी मी तिला घालवून बसलो असतो. दिनकरने हे पुढे कधी बोलून दाखवलं नाही, आणि मीही आजवर कुणाला सांगितलं नाही.

नंतर डॉक्टरांनी आईला इसबगोल सुरू केलं. डब्यावर दिनकरने जाड पेनाने लिहिलं, "एक चमचा, मोठा पेलाभर पाणी. पोट दुखलं तर घ्यायचं नाही. आधी मला फोन." डबा रिकामा झाला की आई नवं इसबगोल त्यातच ओतते.

परवा व्याही आले होते, तेच ते पाहुणे. आतून आई म्हणाली, "पोट दुखतंय रं, डबा दे." मी डबा काढला. आधी मला फोन... आता कुणाला करू? सगळे ऐकत होते. मी खणखणीत विचारलं, "आई, वारा सरतो का?"

"सरतोय," आई म्हणाली. मग म्हणते कशी, "दिनू आसता तर उलटीचं बी इचारलं आसतं."

तेही विचारलं. मग डबा फळीवर ठेवला आणि डॉक्टरांना फोन लावला.