वीतकाकांची फळी

आमच्या उपनगरातल्या तळ्याची राज्यघटना एका लाकडी फळीवर मावते. धक्क्याच्या खांबाला ठोकलेली ही फळी बरोबर एक वीत लांब आहे आणि तिच्यावर लिहिलंय, ‘याहून लहान मासा पाण्यात परत सोडावा.’ ज्यांच्या पंजावरून ही वीत मोजली, ते घड्याळं दुरुस्त करणारे गृहस्थ तेव्हापासून वीतकाका झाले. त्यांचं खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलंय.

त्याआधी लोक बोटाएवढी पिल्लंही घरी नेत. वीतकाकांनी गळ टाकणाऱ्या हौशी मंडळासमोर आयुष्यातलं एकमेव भाषण केलं, फळी लागली आणि बारा वर्षं नियम काटेकोर पाळला गेला. मोठा पट्टेरी मासा पिशवीत, लहान पाण्यात. काही सभासद तर लहानग्याला सोडताना ‘जा रे, आई वाट बघत असेल’ असंही म्हणत. माणसाशी माणूस एवढ्या मायेनं बोलत नाही.

अलीकडे मात्र वीतभर मासा लागला की लोक त्याच्यासोबत फोटो काढत. मंडळानं निदान केलं, मासे कमी झाले. उपाय ठरला, येत्या रविवारी मत्स्यबीज सोडायचं.

त्याच आठवड्यात मत्स्यखात्यातली तरुण अधिकारी बाई वीतकाकांच्या दुकानात आली. तळ्यातले नमुने घेऊन झाले होते, पण खात्याच्या सूक्ष्मदर्शकाचा स्क्रू अडकला होता.

“काका, हे घड्याळ नाही, पण बघता का?”

“चाकं असलेलं काहीही चालतं. फक्त बस सोडून.”

दुरुस्ती नीट झाली का ते बघायला तिनं माशांच्या खवल्यांची चार पाकिटं ठेवली. खवल्यावर बारीक रेघा असतात. थंडीत मासा वाढत नाही, रेघा दाट होतात. दाट रेघांचा एक पट्टा म्हणजे एक वर्ष. “झाडासारखंच,” असं सांगून ती गेली.

दुपारी स्क्रू सुटला. वीतकाकांनी पहिला खवला ठेवला. पाकिटावर माशाची लांबी लिहिली होती, वितीपेक्षा तीन बोटं कमी. म्हणजे पोरच. त्यांनी पट्टे मोजले. मग दाराची कडी लावून पुन्हा मोजले. मग घरी फोन केला.

“अगं, जरा दुकानात येतेस?”

बायको निवृत्त गणित शिक्षिका. नवऱ्याचं उत्तर न विचारता ती स्वतः मोजायला बसली.

“अकरा,” ती म्हणाली. “तुमचे किती आले?”

“अकराच. पण हा लहान आहे.”

“लहान नाही, खुजा आहे. खायला मिळालं नसेल.”

बाकीच्या पाकिटांतून नऊ, दहा आणि पुन्हा अकरा वर्षं निघाली. तळ्यात मासे कमी नव्हतेच, भरमसाट होते. लहानांना खाऊन त्यांची गर्दी आवरणारे मोठे मासे मंडळानं पिशव्या भरभरून नेले होते आणि उरलेली म्हातारी पोरं एकमेकांच्या तोंडचा घास ओढत जगत होती.

“म्हणजे हा तुमच्या फळीनंतर वर्षभरानं जन्मलाय,” बायकोनं हिशेब पुरा केला. “सगळा जन्म तुमच्याच राज्यात गेला की याचा.”

संध्याकाळी अधिकारी बाई आली. तिला सांगावं लागलं नाही, वीतकाकांचा चेहरा पुरेसा होता. ती म्हणाली, अहवाल वरिष्ठांकडून फिरून यायला तीन महिने लागतील.

“आणि बीज तर रविवारी.”

“हो. आणखी दहा हजार तोंडं. नमुने बघून शंका आली तेव्हाच मी मंडळाला फोन केला होता, काका. अध्यक्ष म्हणाले, आम्हाला वीतकाका आहेत.”

शनिवारभर वीतकाकांनी एकही घड्याळ उघडलं नाही. गप्प राहणं सोपं होतं. तीन महिन्यांनी खातं बोललं असतं आणि खात्यावर कोण विश्वास ठेवतो! फळी राहिली असती, काकाही राहिले असते. जेवताना बायको एवढंच म्हणाली, “मुलाचं गणित चुकलं तर मी लाल शाई वापरायची. स्वतःचं चुकलं की फळा पुसायची. सोपं नव्हतं ते.”

रविवारी धक्क्यावर प्राणवायू भरलेल्या पिशव्या हारीनं मांडलेल्या. अध्यक्ष, पूर्वीचे ड्रायव्हिंग स्कूलवाले, नारिंगी टोपी घालून उभे.

“या वीतकाका! पहिली पिशवी तुमच्या हातची.”

“सोडू नका,” वीतकाका म्हणाले. मग बारा वर्षांनी दुसरं भाषण झालं. पहिल्यापेक्षा ते लहान होतं आणि टाळ्या पडल्या नाहीत.

“म्हणजे मी इतकी वर्षं म्हाताऱ्यांना पप्पी घेऊन सोडत होतो?” मागून एकजण किंचाळला.

“तुम्हीच सांगितलंत म्हणून आम्ही सोडले ना!” दुसरा.

“मीच सांगितलं,” वीतकाका म्हणाले. “चूक माझी. आता उलटं करायचं. मोठा सोडायचा, लहान न्यायचा.”

बीजवाल्यानं विचारलं, पिशव्या परत गाडीत चढवू का? कुणी नको म्हणालं नाही, तेव्हा त्यानं चढवायला सुरुवात केली.

वीतकाका फळीपाशी गेले आणि खिशातून पेचकस काढला. तो घड्याळाचा. गंजलेल्या स्क्रूच्या डोक्यावर तो नुसताच गोल फिरत राहिला. अख्खं मंडळ बघत होतं आणि कानांच्या पाळ्या तापल्या तरी वीतकाका थांबले नाहीत.

अध्यक्ष आपल्या गाडीकडे गेले. घरी निघाले असंच सगळ्यांना वाटलं. डिकी उघडल्याचा आवाज आला आणि ते हातभर लांब पेचकस घेऊन परतले.

“सरका,” ते म्हणाले. “हे स्क्रू मी पिळलेत. तुमच्या बापाला निघायचे नाहीत.”