गळ्यातले पट्टे काढायचे राहिले

आज दुपारी चार वाजता मी गोठ्यापुढे आमच्या म्हाताऱ्या कुत्रीला, चंपीला, धरून उभा होतो. मामा डिंगोऱ्याहून नवा कुत्रा घेऊन आले होते, शेरू. आमच्या घराभोवती ऊस आहे आणि परवाच बिबट्या दिसला, म्हणून तिला सोबत हवी होती.

बिबट्या मान धरतो, म्हणून इकडे कुत्र्यांना खिळ्यांचे पट्टे घालतात. दोघांच्याही गळ्यात ते होते. काढायचं मला सुचलंच नाही.

चंपीनं शेपटी हलवत शेरूची मान हुंगली आणि खिळा तिच्या नाकात घुसला. तिला वाटलं, तोच चावला. दोघं अशी भिडली की बादलीभर पाणी ओतून सोडवावी लागली.

"आधी पट्टं काढ," मामा म्हणाले. "न्हाईतर बिबट्याला काय कामच उरायचं न्हाई."

पट्टे काढले. चंपीच्या नाकाचं रक्त थांबलंय, पण ती अजून गुरगुरतेय.

आता अंधार पडतोय. आज दोघांना घरात वेगवेगळ्या खोल्यांत ठेवतो, पण रोज ते जमणार नाही. तुमच्याकडे दोन कुत्री असतील तर सांगा, एकमेकांची सवय होईपर्यंत त्यांना बाहेर पट्ट्याशिवाय ठेवायचं धाडस तुम्ही केलं का?